मदत हवी आहे : सोलापूर–बेंगळुरू भाड्याची बाकी दलाल देत नाही

एकटी_दहाचाकी :
नमस्कार मंडळी. सोलापूरच्या एका दलालामार्फत मिळालेले साखरेचे भाडे बेंगळुरूला पोहोचवून बरेच दिवस झाले, तरी बाकी मिळालेली नाही. फोन केला की पार्टीकडून पैसे आले नाहीत हे उत्तर ठरलेले असते आणि आता तर हिशेबात इतकी कपात दाखवली आहे की माझ्या हाती जेमतेम बाराशे रुपये पडतील. गाडी माझ्या नावावर आहे, हप्ते चालू आहेत. ही बाकी कशी वसूल करावी आणि या मार्गावर रास्त दर किती असतो, एवढेच मला विचारायचे आहे. तोच दलाल उद्या पुन्हा गाडी लावायला सांगत असल्यामुळे कृपया लवकर उत्तर द्यावे.

तुळजापूर_नाका :
मालक, एवढ्या माहितीवर कोणालाही काही सांगता येणार नाही. भाडे टनावर ठरले होते की ठोक? बिल्टी (माल पाठवल्याची पावती) दलालाची होती की एखाद्या ट्रान्सपोर्टची? ॲडव्हान्स कोणाच्या खात्यातून आला आणि पोच (माल मिळाल्याची सही-शिक्क्याची पावती) सध्या कोणाकडे आहे?

मोबाईलवरचा_माल :
या सगळ्यावर एकच उपाय आहे आणि तो म्हणजे दलाल सोडून ॲपवरून माल घेणे. दर पडद्यावर दिसतो, समोरच्याचे मानांकन दिसते आणि सोलापूरसारख्या ठिकाणी बसून परतीचा मालही आधीच पाहून ठेवता येतो. दोन वर्षांपासून मी कोणत्याही दलालाच्या दारात उभा राहिलेलो नाही.

तुळजापूर_नाका :
ॲपवर माल टाकणारे निम्मे लोक आपल्या ट्रान्सपोर्ट नगरातलेच दलाल असतात, हे तुम्हाला ठाऊक नसेल असे वाटत नाही. आणि ॲप घेतल्याने यांची मागची बाकी कशी सुटणार, हेही सांगावे.

एकटी_दहाचाकी :
बिल्टी नेहमीसारखी ट्रान्सपोर्टचीच होती, त्यात सांगण्यासारखे काही आहे असे मला वाटले नाही. दर टनाला २,१०० रुपये ठरला होता आणि काट्यावर माल १८ टन भरला, म्हणजे एकूण भाडे ३७,८०० रुपये होते. त्यापैकी २८,००० मिळाले. काही पैसे ट्रान्सपोर्टच्या खात्यातून आले आणि उरलेल्यासाठी पंपाची चिठ्ठी मिळाली. बाकी ९,८०० रुपये राहिली. आता दलाल म्हणतो की दर १,९०० होता, त्यामुळे ३,६०० कमी, कमिशनचे १,०००, आणि दोन पोती भिजली म्हणून ४,०००. मूळ पोच मी कुरिअरने दलालाला पाठवली असून दोन्ही बाजूंचा फोटो माझ्या फोनमध्ये आहे.

हिशेबनीस_काका :
आपण स्वतंत्र गाडीमालक असून नोंदणीकृत ट्रान्सपोर्टला गाडी भाड्याने देत असाल, तर त्या भाड्यावर आपल्याला जीएसटी भरावा लागत नाही. कर लागतो तो बिल्टी काढणाऱ्या वाहतूक संस्थेच्या सेवेवर आणि पाच टक्क्यांच्या पद्धतीत तो बहुधा माल पाठवणारी कंपनीच उलट आकारणीने भरते. त्यामुळे जीएसटीच्या नावाखाली कोणी कपात केली, तर ती मान्य करू नये.

एकटी_दहाचाकी :
जीएसटीची कपात कोणीच केलेली नाही आणि मी त्याबद्दल विचारलेही नव्हते. कृपया बाकीबद्दल सांगावे.

तुळजापूर_नाका :
आता मुद्द्यावर बोलता येईल. तुमचा हिशेब दलालाशी नसून, ज्याच्या नावाची बिल्टी आहे आणि ज्याच्या खात्यातून ॲडव्हान्स आला आहे, त्या ट्रान्सपोर्टशी आहे, हे प्रथम लक्षात घ्यावे. दलाल मध्ये उभा राहून "पार्टीने दिले नाहीत" असे म्हणतो, तेव्हा अनेकदा ट्रान्सपोर्टने त्याला पूर्ण पैसे चुकते केलेले असतात आणि ते दुसऱ्याच गाडीच्या ॲडव्हान्समध्ये फिरत असतात. म्हणून थेट ट्रान्सपोर्टच्या कार्यालयात जावे आणि या बिल्टी क्रमांकावर गाडीभाडे किती दराने नोंदले आहे व किती अदा झाले आहे, हे त्यांच्या वहीत पाहू द्यावे अशी विनंती करावी.

राहिला प्रश्न भिजलेल्या पोत्यांचा. पोचेच्या फोटोत उतरवून घेणाऱ्याचा काही शेरा आहे का? साखरेचे पोते ओले असले, तर गोदामाचा मुकादम ते बाजूला काढतो, पोचेवर लिहितो आणि मगच शिक्का मारतो. शेऱ्याशिवाय शिक्का मारला असेल, तर नंतर फोनवरून सांगितलेल्या ओल्या पोत्यांना अर्थ राहत नाही. शिवाय पन्नास किलोच्या पोत्याची पूर्ण किंमत तुमच्याकडून कापली असेल, तर ती दोन पोती तुमच्या ताब्यात मिळायला हवी होती. ती दिली का, एवढेच दलालाला विचारून पाहावे.

एकटी_दहाचाकी :
पोचेवर शिक्का, सही आणि "माल मिळाला" एवढेच लिहिलेले आहे. पोती मला कोणी दिली नाहीत, दाखवलीही नाहीत. दराबद्दल म्हणाल, तर भरणीच्या आदल्या रात्री दलालाने "एकवीसशेने लाव" असा आवाजी संदेश पाठवला होता, तो अजून आहे.

ताडपत्री_आणि_दोरी :
माझा नियम सरळ आहे : बाकी खात्यात आल्याशिवाय गाडीचा फाळका (मागची फळी) उघडायचा नाही. गाडी गोदामाच्या दारात उभी असते, तेव्हाच आपला हात वर असतो. माल उतरला की आपल्याला कोणी ओळखत नाही. ज्याचा माल त्याचा हमाल असे आपण म्हणतो, तसेच ज्याचा माल त्याने भाड्याचे पैसेही दारातच मोजावेत. वाराईसुद्धा (माल भरण्या-उतरवण्याची मजुरी) मी कधी माझ्या खिशातून देत नाही.

कोर्ट_कचेरी :
हा सल्ला मला धोकादायक वाटतो. गाडीतील माल दलालाचा नसून तिसऱ्याच व्यापाऱ्याचा असतो आणि त्याने आपले भाडे ट्रान्सपोर्टला दिलेले असण्याचीही शक्यता असते. अशा वेळी माल अडवला, तर परक्या राज्यात चालकाविरुद्ध अपहाराची तक्रार होऊ शकते. वाराईचा विषय स्वतंत्र धाग्यात घ्यावा.

धागाकर्त्यांच्या बाबतीत आवाजी संदेश हा सर्वांत भक्कम पुरावा आहे. तो पुसू नये, फोन बदलू नये. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे असा पुरावा न्यायालयात देताना सोबत प्रमाणपत्र जोडावे लागते. पैसे देताना टीडीएस कापला गेला असेल, तर प्राप्तिकर खात्याच्या करकपात विवरणात कोणी, किती रकमेवर कापला ते दिसते, म्हणजे गाडीभाडे कोणत्या नावाने नोंदले आहे हेही कळते. आपल्याकडे दहा किंवा त्यांहून कमी मालवाहू गाड्या असतील आणि तसे प्रतिज्ञापत्र पॅनसह दिले असेल, तर खरे म्हणजे तो कापलाच जाऊ नये. उद्यम नोंदणी (लघुउद्योग म्हणून सरकारी नोंदणी) असेल, तर २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याप्रमाणे लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत आणि करार नसल्यास १५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. उशीर झाल्यास बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते.

ताडपत्री_आणि_दोरी :
९,८०० रुपयांसाठी तक्रार, प्रमाणपत्र आणि वकील करायचे, तर गाडी कोण चालवणार?

कोर्ट_कचेरी :
प्रत्यक्ष तक्रार करावीच लागेल असे नाही. लेखी पत्रात या तरतुदींचा उल्लेख आला की ट्रान्सपोर्टचा हिशेबनीस दलालाला फोन करतो, असे मी अनेकदा पाहिले आहे.

विजयपूर_मार्गे :
रास्त दराबद्दल कोणीच बोलले नाही, म्हणून लिहितो. सोलापूर ते बेंगळुरू सुमारे ६०० किलोमीटर आहे. भरलेल्या दहाचाकीने लिटरला चार किलोमीटर दिले, तर जाताना १५० लिटर डिझेल लागते. रिकामी येताना सहा धरल्यास १०० लिटर. डिझेल नव्वद रुपये धरले, तर दोन्ही बाजूंचे २२,५०० होतात. म्हणजे २,१०० च्या दराने टोल, चालक, टायर आणि हप्त्यासाठी १५,३०० उरतात आणि १,९०० च्या दराने ११,७००. यावरून रास्त दर हा आकडा नसून परतीच्या मालावर अवलंबून असलेली गोष्ट आहे, हे दिसेल. बेंगळुरूजवळच्या नेलमंगलाला दोन दिवस थांबून परतीचा माल मिळत असेल, तर १,९०० सुद्धा परवडतो. मिळत नसेल, तर २,१०० मध्येही फारसे काही हाती लागत नाही. डिसेंबर-जानेवारीत सोलापूर बाजार समितीत कांद्याची आवक वाढते आणि कारखान्यांचे गाळपही चालू असते, त्यामुळे गाड्यांची ओढ लागते. त्या काळात दलालाचा पहिला दर कधीही स्वीकारू नये. पावसाळ्यात मात्र तोच दलाल तोऱ्यात असतो.

मोबाईलवरचा_माल :
परतीच्या मालासाठी तरी ॲप वापरून पाहावे, एवढेच माझे पुन्हा सांगणे आहे.

विजयपूर_मार्गे :
परतीसाठी मान्य आहे, पण बेंगळुरूत उभ्या असलेल्या गाडीला ॲपवरही पडलेलाच दर मिळतो, कारण रिकामी गाडी कोठे उभी आहे हे त्यांनाही दिसते.

एकटी_दहाचाकी :
सर्वांचे आभार. ट्रान्सपोर्टचे कार्यालय हैदराबाद रस्त्यालाच आहे, तेव्हा उद्या बिल्टीची प्रत, पोचेचा फोटो आणि आवाजी संदेश घेऊन तेथे जातो व पत्र देतो. कमिशन भाड्यातून कापायचे ठरलेच नव्हते, हेही पत्रात लिहावे का? आणि दलालाच्या उद्याच्या गाडीचे काय करावे?

तुळजापूर_नाका :
कमिशनचे अवश्य लिहावे, परंतु तो मुद्दा शेवटी ठेवावा. दराचा फरक आणि पोती हे दोन मुद्दे पुराव्यासह पुढे असू द्यावेत. पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर कार्यालयाचा शिक्का आणि तारीख घ्यावी, त्यांनी नकार दिल्यास स्पीड पोस्टाने पाठवून पावती जपावी. उद्याची गाडी लावायचीच असेल, तर टनाचा दर, वजन, कमिशन आणि बाकी किती दिवसांत, या गोष्टी संदेशात लिहून मागाव्यात, ॲडव्हान्स नव्वद टक्के घ्यावा आणि या वेळी मूळ पोच दलालाला न पाठवता थेट ट्रान्सपोर्टच्या खिडकीवर जमा करावी. त्याने हे लिहून देण्यास टाळाटाळ केली, तर बाजार समितीसमोर दुसरा माल पाहावा.