हेमोक्रोमॅटोसिस : हाताच्या एक्स-रेवरून पुढचं काही कळतं का?

नमस्कार मंडळी. आम्ही आयर्लंडमध्ये कॉर्कजवळ राहतो. माझे सासरे आयरिश, वय ६८, जन्मभर सुतारकाम केलेले. दोन्ही हातांची तर्जनी आणि मधलं बोट मुळाशी सुजतं, दुखतं. कुणी हात मिळवायला आलं तरी ते हात मागे घेतात. सगळ्यांनी ते वयावर आणि रंध्यावर ढकललं होतं. यंदा रक्त तपासलं तर फेरिटिन (शरीरातल्या लोहाच्या साठ्याचं माप) १४००, ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन (रक्तात लोह वाहणारं प्रथिन किती भरलंय ते) ८० टक्के, आणि सी२८२वाय हा जनुकदोष आई-वडील दोघांकडून आलेला. म्हणजे हेमोक्रोमॅटोसिस, अंगात लोह साठत जाण्याचा आनुवंशिक आजार. इथे तो सर्रास आढळतो. आपल्याकडे लोह साठल्याचं ऐकतो ते बहुधा थॅलेसेमियाच्या मुलांत, सारखं रक्त चढवावं लागतं म्हणून. त्यामुळे माहेरी विचारून फारसं हाती लागलं नाही.

आता लोह उतरावं म्हणून दर आठवड्याला जवळजवळ अर्धा लिटर रक्त काढतात. फेरिटिन भराभर उतरतंय, थकवाही कमी झालाय. बोटं मात्र जशीच्या तशी, आणि त्यामुळे त्यांचा धीर सुटत चाललाय. तेच मला बघवत नाही.

एक्स-रे मी मोठा करून पाहिला. तळहाताच्या हाडाचं गोल टोक चपटं झालंय आणि अंगठ्याच्या बाजूला त्याला आकड्यासारखं टोक फुटलंय. सांध्यातली फट जेमतेम उरलीय. मनगटाच्या कूर्चेत कॅल्शियमची पांढरी रेघ आहे.

हा आमवात (रुमॅटॉइड) नाही हे एवढ्यावरून नक्की होतं का? लोह उतरल्यावर हे मागे फिरेल का? घोटाही दुखतो, त्याचाही एक्स-रे काढून घ्यावा का?

प्रतिसाद

ताई, मी रेडिओलॉजीत काम करते. एक्स-रेत लोह दिसत नाही, सांध्याची झालेली झीज दिसते. आमवातात हाड कडेने कुरतडल्यासारखं होतं आणि सांध्याभोवती विरळ दिसतं. इथे उलट हाड वाढलंय. पण हाडाची अशी आकड्यासारखी टोकं कॅल्शियम साठण्याच्या दुसऱ्या सांधेदुखीतही दिसतात. म्हणून निदान ठरतं ते फेरिटिन, जनुकचाचणी आणि एक्स-रे एकत्र पाहून. आमवाताच्या रक्तचाचण्या झाल्या नसतील तर करून घ्या.

फट एकदा गेली की रक्त काढून ती परत येत नाही. सांधेदुखी बऱ्याच जणांची तशीच राहते, काहींची वाढतेही. तरी उपचार वाया जात नाहीये, हे त्यांना जरूर सांगा. तो लिव्हर आणि हृदय वाचवतो. बोटांसाठी संधिवाततज्ज्ञांकडे वेगळे उपचार असतात.

घोट्याचा एक्स-रे जरूर काढा, पण उभं राहून, पायावर भार देऊन. झोपून काढला तर फट फसवते. या आजारात घोटा बऱ्याचदा धरतो. उठसूट एक्स-रे मात्र नकोत, बदल सावकाश होतात.

फेरिटिन हजाराच्या वर होतं, तेव्हा लिव्हर कितपत घट्ट झालंय ते तपासलं का, हे याच भेटीत विचारा. आणि तुमच्या मिस्टरांची व त्यांच्या भावंडांची तपासणी राहिली असेल तर तीही उरकून घ्या.