बकेट पब्लिक करू नका, मध्ये एन्जिनएक्स बसवा

ॲमेझॉनच्या एस-थ्री या क्लाउड साठवणीतल्या फाइल ग्राहकांना कशा द्यायच्या, या प्रश्नावर कुणीतरी सुचवलंय की फाइलची नावं लांबलचक ठेवा आणि बकेट (फाइल ठेवायचा कप्पा) पब्लिक करा, कोण कशाला शोधायला जातंय! आम्ही नाशिकला द्राक्ष निर्यातदारांचे रेसिड्यू रिपोर्ट (द्राक्षांत फवारणीच्या औषधांचे किती अंश उरले, त्याचे अहवाल) सांभाळतो. तशीच एक लिंक व्हॉट्सॲपवर फिरत फिरत भलत्याच व्यापाऱ्याकडे पोचली. तेव्हापासून कानाला खडा.

प्री-साइन्ड लिंक, म्हणजे मुदत घालून सही केलेली लिंक, बरी; एस-थ्रीमध्ये ती जास्तीत जास्त ७ दिवस चालते. पण मुदत संपेपर्यंत ती ज्याच्या हातात, त्याची फाइल. म्हणून आता ती लिंक आम्ही ग्राहकाला देतच नाही. लॉगिन आणि हक्क ॲप तपासतं, मग एक्स-ॲक्सेल-रिडायरेक्ट हेडर (उत्तरासोबत जाणारी सूचना) मध्ये बसलेल्या एन्जिनएक्स या वेब सर्व्हरला परत करतं. एन्जिनएक्स तो वाचून 'इंटर्नल' (फक्त आतून वापरता येणाऱ्या) लोकेशनमधून, त्या सही केलेल्या लिंकने बकेटमधली फाइल आणतो. बाहेरून थेट त्या पत्त्यावर गेलात तर ४०४, म्हणजे 'सापडलं नाही'.

इथे आमचे दोन दिवस गेले, तुमचे जाऊ नयेत. एन्जिनएक्सकडून एस-थ्रीला होस्ट हेडर (सर्व्हरचं नाव) बकेटचाच पाठवा, नाहीतर लिंकची सही जुळत नाही आणि ४०३ (परवानगी नाही) येतो. ब्राउझरचा ऑथोरायझेशन (लॉगिनचा) हेडर पुढे गेला तर एस-थ्री तो आणि लिंकची सही अशी दोन ओळखपत्रं एकदम बघून ४०० (चुकीची विनंती) देतं. तो रिकामा करा, कुकीही काढा. आणि जीईटीसाठी (फाइल मागवायला) सही केलेली लिंक एचईएडीला (फक्त हेडर मागवायला) चालत नाही, कर्ल या कमांड-लाइन साधनाने तपासताना हे विसरलात तर उगाच डोकं धराल.

खर्चाचं म्हणाल, तर सर्व्हर आणि बकेट दोन्ही ॲमेझॉनच्याच मुंबई रीजनमध्ये (तिथल्या डेटा सेंटरांत) ठेवा. त्या दोघांमधल्या वाहतुकीचे पैसे पडत नाहीत, बाहेर जाणाऱ्या डेटाचे मात्र पडतात.