वडिलांच्या जीपवरची जुनी हातक्रेन परत फिरती करायची आहे, गिअर आणि गंज दोन्हीबद्दल मदत हवी

कुंभार्ली_कराड

नमस्कार मंडळी, इथे पहिल्यांदाच लिहितोय, लांबलं तर सांभाळून घ्या. आमच्याकडे महिंद्राची सीजे ३बी आहे, उंच बॉनेटवाली, पेट्रोल हरिकेन इंजिन. वडिलांनी ६८ साली सरकारी लिलावात घेतली, कोयनेच्या भूकंपाच्या दुसऱ्या वर्षी, म्हणून साल पक्कं लक्षात आहे. त्यांचं गॅरेज होतं आणि कुंभार्ली घाटात कुणाची गाडी बंद पडली, गटारात गेली की निरोप यायचा, मग ही जीप निघायची. मागच्या हौद्यात हाताने फिरवायची क्रेन आहे, चॅनेलचे दोन तिरके पाय, वर पाईपचा बूम म्हणजे उचलायचा दांडा, खाली दोर गुंडाळायचा ड्रम आणि दोन गिअर, बाजूला हँडल आणि ड्रम उलटा फिरू न देणारा रॅचेटचा खटका. अँबेसेडर, फियाट, मॅटाडोर अशा कितीतरी गाड्या तिने टोचन करून आणल्यात, लहानपणी मी स्वतः टॉर्च धरून उभा राहिलोय पावसात.

वडील गेल्यावर वीसेक वर्षं जीप शेडमध्येच होती. इंजिनाचं काम झालंय, गाडी चालते. पण क्रेनचा ड्रम जाम आहे, वायर रोप गंजून काथ्यासारखी झालीय आणि लहान गिअरचे दोन दात तुटलेत. गावातला वेल्डर म्हणतो दात भरून देतो आणि घासून देतो. दुसरा एकजण म्हणतो सगळं सुटं करून सँडब्लास्टिंग, म्हणजे वाळूचा मारा, करून घ्या आणि पावडर कोटिंग मारा, नव्यासारखी होईल. मला नव्यासारखी नकोय, वडिलांची होती तशी हवीय, पण नुसती शोभेचीही नकोय, हँडल फिरवलं की हुक वर गेला पाहिजे. कुठून सुरुवात करू?

लेथवाले_काका

तुमची पोस्ट वाचून बरं वाटलं, बहुतेक लोक अशी क्रेन भंगारात घालून हौद्यात सीट बसवतात. चाळीस वर्षं लेथ आणि गिअरच्या कामात गेली त्यामुळे आधी गिअरचंच सांगतो. वेल्डरला नको म्हणा. भार उचलणाऱ्या गिअरचा दात वेल्डिंगने भरला तर तो दिसायला दात होतो, पण वेल्डच्या कडेचा भाग कडक आणि ठिसूळ होतो, आणि तो सुटतो तो नेमका भार वर असताना सुटतो. त्यात जुने गिअर बऱ्याचदा बीडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे असतात, बीडावर साधं वेल्डिंग धरतच नाही. नवीन गिअर करून घ्या, ईएन ८ या जातीच्या पोलादात चालेल.

मात्र नवीन करताना एक चूक हमखास होते म्हणून नीट लिहितो. त्या काळचं बरंचसं काम इंचात आहे. दात मोजा, बाहेरचा व्यास कॅलिपरने मोजा. समजा १४ दात आहेत आणि व्यास १०१.६ मिमी भरला, म्हणजे बरोबर ४ इंच. दातांत २ मिळवायचे, १६ झाले, त्याला ४ ने भागलं की ४ आलं, म्हणजे गिअर ४ डीपीचा (डायमेट्रल पिच, दाताचं इंचातलं माप). मेट्रिकमध्ये तेच माप मॉड्यूल ६.३५ होतं. शॉपवाला म्हणेल ६ चं कटर आहे, तेवढ्याने काय होतंय, पण होतं, मोठ्या गिअरशी दात बसणारच नाहीत, घासत घासत चालतील आणि मोठा गिअरही खाऊन टाकतील. डीपी कटर असलेला माणूस शोधा, कोल्हापूर-इचलकरंजीकडे मिळेल.

जाम ड्रमवर हातोडा अजिबात नको. डिझेल किंवा पेनिट्रेटिंग ऑइल रोज सोडत राहा, आठ-दहा दिवस द्या. मग बुशच्या (शाफ्ट ज्यात फिरतो त्या कड्याच्या) बाहेरच्या घराला गॅसच्या बर्नरने हळूहळू गरम करा, शाफ्टला नाही, म्हणजे घर फुगेल आणि शाफ्ट सुटेल. आत गनमेटलचे बुश असतील तर ते बहुतेक वाचतील, ग्रीसची भोकं मात्र चोंदलेली असणार, ती सुईने मोकळी करा.

आणि खटक्याचं टोक नखाने चाचपून बघा. गोल झालं असेल तर तो आधी बदला, बाकी सगळं नंतर.

कुंभार्ली_कराड

काका, खूप आभारी आहे. आजच मोजलं, १४ दातच आहेत आणि व्यास १०१ च्या थोडा वर, म्हणजे तुम्ही म्हणता तेच. खटक्याचं टोक गुळगुळीत गोल झालंय. हे वाचून एक आठवलं, मी आठवी-नववीत असताना खटका निसटून हँडल उलटं फिरलं होतं आणि आमच्याकडच्या कामगाराचं मनगट मोडलं होतं. त्यानंतर वडील कुणालाच हँडलच्या रेषेत उभं राहू द्यायचे नाहीत. गंजाचं काय करू, ब्लास्टिंग करावं का?

ऊसपट्टा_सांगली

दादा ब्लास्टिंग करू नका हो, किमान सगळ्यावर तरी नको. मी दोन जुन्या जीपचं काम केलंय आणि पहिल्या गाडीवर ब्लास्टिंग करून घेतलं त्याचं अजून वाईट वाटतं, कारण जुन्या रंगाचे थर, हाताने लिहिलेली अक्षरं सगळं एका दुपारी उडून गेलं आणि पातळ पत्रा लाटेसारखा झाला तो वेगळाच.

आपल्या भागात सगळ्यात सोपा उपाय म्हणजे मळी. कारखान्याची मळी थेट मिळायला परवान्याची भानगड असते, पण जनावरांच्या खाद्याच्या दुकानात मिळते, नाहीतर सरळ काळा गूळ विरघळवा. एक भाग मळी आणि नऊ-दहा भाग पाणी, प्लॅस्टिकच्या पिंपात, आणि सुटे केलेले गिअर, ड्रम, बोल्ट त्यात पूर्ण बुडवून दोन-तीन आठवडे विसरून जा. ती फक्त गंज खाते, चांगल्या लोखंडाला आणि बीडाला विशेष काही करत नाही, म्हणून गिअरचे दात झिजत नाहीत, ॲसिडमध्ये झिजतात. ॲल्युमिनियम किंवा जस्ताचं काही असेल तर आत टाकू नका, ते खाऊन टाकते. वास फार येतो, पिंप घरापासून लांब ठेवा आणि झाकण घट्ट नको, आंबून फुगतं. बाहेर काढलं की लगेच पाण्याने धुवा, वाळवा आणि त्याच दिवशी तेल किंवा प्रायमर, नाहीतर संध्याकाळपर्यंत परत तांबूस होतं.

पाय आणि बूम पिंपात मावणार नाहीत, ते हाताने करा. ४०० नंबरचा पॉलिश पेपर, पाणी, थोडा साबण. कोरडं घासू नका, त्या काळचा शेंदरी प्रायमर म्हणजे खरोखरचा शेंदूर असू शकतो, त्यात शिसं असतं आणि ती धूळ नाकातोंडात जाणं वाईट. ओलं घासत एकेक थर उतरवा, घाई नको.

मिडलँड्सकर

मी मूळचा साताऱ्याचा, आता इंग्लंडमध्ये असतो आणि माझ्याकडे सिरीज टू लँड रोव्हर आहे, तिच्या मागे हार्वे फ्रॉस्टची हातक्रेन. ही इथली कंपनी गॅरेजची उपकरणं आणि अशा ब्रेकडाऊन क्रेन करायची. तुमचं वर्णन वाचून अंगावर काटा आला, रचना जवळपास तीच. आश्चर्य नाही म्हणा, लँड रोव्हरचा पहिला नमुना जीपच्याच चासीवर बांधला होता, १९४८ च्या पहिल्या लँड रोव्हरचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या ॲक्सलमधलं अंतर, जीपसारखाच ८० इंच. आणि गाडीवरच्या अशा टोचन क्रेनची मूळ कल्पना तर १९१६ ची, अमेरिकेत टेनेसीतल्या चॅटनूगाचा गॅरेजवाला अर्नेस्ट होम्स, त्याने एक गाडी ओढ्यातून काढायला माणसं लावून कित्येक तास घालवले आणि मग जुन्या कॅडिलॅकवर तीन खांब, पुली आणि साखळी बसवली. त्या गावात आज टोइंगच्या गाड्यांचं म्युझियम आहे. तुमच्या वडिलांची क्रेन कुणा गावच्या लोहाराने केली असेल तरी ती याच घराण्यातली.

माझ्या कामातून सांगण्यासारखं म्हणजे वायर रोप आणि हुक जुने ठेवायचेच नाहीत, कितीही जीव अडकला असला तरी. हुक तोंडाशी जरा उघडलेला असेल तर तो संपला, त्याला गरम करून वाकवायचं नाही, वेल्डही नाही, ॲसिडमध्येही बुडवायचा नाही. नवीन हुक घ्या ज्यावर क्षमता कोरलेली असते आणि तोंडाला पट्टीचं लॅच असतं. वायर रोप १० मिमीची साधारण ५ टनाच्या वर तुटते, पण उचलायला पाचपटीचा हिशोब धरतात, म्हणजे हातात १ टन. टोकाच्या फासात थिंबल (दोर झिजू न देणारी धातूची खोबण) घालून तीन क्लिपा, एकमेकींपासून साधारण ६० मिमीवर. क्लिपचा जाड दातेरी भाग भार घेणाऱ्या दोरावर आणि यू-बोल्ट सुट्या टोकावर, उलट बसवली तर यू-बोल्ट भाराचाच दोर चेपतो. पहिला भार दिल्यावर नट परत आवळा, ढिले झालेलेच असतात. आणि ड्रमवर कायम किमान तीन वेढे शिल्लक राहिले पाहिजेत.

एक हिशोब लिहून हौद्यात चिकटवा. व्हीलबेस २ मीटर आहे. हुक मागच्या ॲक्सलच्या १ मीटर मागे असेल आणि तुम्ही ४०० किलो उचलले तर पुढच्या चाकांवरचा भार २०० किलोनी कमी होतो. अख्खी जीपच साधारण १ टनाची. स्टिअरिंग हलकं लागायला लागतं ते यामुळे, घाटात उतारावर तर फार जपायला लागतं. पूर्वीचे लोक पुढच्या बंपरवर लोखंड नाहीतर माणूस बसवायचे ते याच्यासाठीच.

कुंभार्ली_कराड

अहो पुढच्या बंपरवर रेल्वेच्या रुळाचा एक तुकडा बांधलेला आहे, मला इतकी वर्षं वाटायचं तो धक्का देण्यासाठी आहे.

कागदपत्रं_आधी

बाकीचं सगळे सांगतायत, मी आरटीओचं सांगतो. आधी आरसीवर गाडीचा प्रकार काय लिहिलाय ते बघा, खासगी जीप आहे की ब्रेकडाऊन व्हॅन. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली मूळ रचनेत बदल चालत नाही आणि २०१९ च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टानेही ते कडक केलंय, त्यामुळे आरसीत नोंद नसेल तर क्रेनचा प्रश्न येऊ शकतो, तुमच्या आरटीओत जाऊन लेखी विचारून घ्या. दुसरं, २०२१ च्या जुलैत व्हिंटेज गाड्यांचे नियम आलेत. ५० वर्षांवरची, व्यापारी वापर नसलेली, मूळ रूपातली गाडी त्यात बसते. नवीन नोंदणीला २०,००० रुपये फी आणि व्हीए मालिकेचा नंबर, पण आधीच नोंदलेली गाडी असेल तर जुना नंबर ठेवता येतो. अशी गाडी प्रदर्शन, रॅली, देखभाल यासाठी बाहेर काढता येते, धंद्यासाठी नाही, रोजच्या वापरालाही नाही. म्हणजे कुणाची गाडी पैसे घेऊन टोचन करायची नाही हे धरून चला.

लेथवाले_काका

पैसे न घेताही करू नका. पहिली चाचणी रिकाम्या हुकाने, मग ५० किलोचं सिमेंटचं पोतं, मग दोन, आणि दर वेळी पोतं जमिनीपासून वीतभरच वर घेऊन दहा मिनिटं तसंच ठेवा. खटका सरकतो का, बूमच्या बुडाच्या वेल्डवर रंगाला केसासारखी चीर जाते का, ते बघा. माणूस खाली किंवा हँडलच्या रेषेत नको, तुमच्या वडिलांचा नियम बरोबर होता. पुढे कार्यक्रमात दाखवायला दोनशे किलोच्या वर नेऊ नका.

कुंभार्ली_कराड

सगळ्यांना सांगायचं होतं म्हणून पाच आठवड्यांनी परत आलोय. ड्रम अकराव्या दिवशी सुटला. गिअर मळीतून काढले तेव्हा मोठ्या गिअरवर छिन्नीने मारलेली तीन टिंबं दिसली, लहान गिअरवर एक, दात जुळवायची खूण असावी, ती तशीच ठेवलीय आणि नवीन गिअरवरही मारायला सांगितलीय. इचलकरंजीला डीपी कटरवाला मिळाला, पुढच्या आठवड्यात देतो म्हणालाय.

बूम रोज संध्याकाळी तासभर ओला घासत होतो. वरचा पिवळा, त्याखाली हिरवा, त्याखाली करडा. परवा करड्यावर पांढरी अक्षरं उमटायला लागली. आधी वाटलं डाग आहे. वडिलांचं नाव, खाली गॅरेजचं नाव आणि फोन नंबर, तीन आकडी. अक्षर त्यांचंच आहे, मी वह्यांमध्ये पाहिलेलं, र ला तशीच लांब शेपटी. आईला शेडमध्ये आणून दाखवलं, ती बराच वेळ हात फिरवत होती त्यावरून.

ऊसपट्टा दादा, तुम्ही अडवलं नसतंत तर हे गेलं असतं. आता एवढंच विचारायचंय की ती अक्षरं आहेत तशी राखायला वरून काय मारू, मॅट क्लिअर (बिनचकाकीचा पारदर्शक लेप) मारला तर पिवळट पडेल का, आणि आजूबाजूचा करडा रंग नवीन द्यावा की जुनाच राहू द्यावा?

ऊसपट्टा_सांगली

रंग देऊ नका दादा, जुनाच राहू द्या. क्लिअर मारायचाच असेल तर आधी बूमच्या खालच्या बाजूला, कुणाला दिसणार नाही तिथे, हातभर पट्ट्यावर मारून दोन महिने उन्हात ठेवून बघा. तोवर अक्षरांवर नुसतं मेण, मऊ फडक्याने, दर पंधरा दिवसांनी. आणि आधी उजेडात त्याचे चांगले फोटो काढून ठेवा, शेजारी पट्टी धरून, म्हणजे पुढे कधी लागलं तर अक्षराची उंची कळेल.