लाओत्से आधी की कन्फ्यूशियस? चिनी तत्त्वज्ञान कोणत्या क्रमाने वाचावं?

कुतूहल७:

लाओत्सेच्या नावावरच्या ‘ताओ ते चिंग’ची तीन इंग्रजी भाषांतरं शेजारी ठेवून वाचतोय. पहिल्याच प्रकरणापासून त्यांचं आपसात पटत नाही. एकाने तर ३८वं प्रकरणच सुरुवातीला घेतलंय. जाणकारांना तीन प्रश्न.

१. लाओत्से कन्फ्यूशियसच्या आधीचा की नंतरचा? दोन्ही ठिकाणी ठामपणे लिहिलेलं सापडतं.
२. एकाच ओळीची इतकी वेगळी भाषांतरं कशी होतात? भाषांतरकार मनाचं घालतात का?
३. पुढे काय वाचावं आणि कोणत्या क्रमाने? बहुतेक लेख कन्फ्यूशियस, लाओत्से करून थेट माओवर उडी मारतात. मधली दोन हजार वर्षं कुठे गेली?

पोथीनिष्ठ:

३८वं प्रकरण आधी आलंय म्हणजे ते भाषांतर मावांगद्वेच्या प्रतींवरून केलेलं असणार. १९७३ मध्ये छांगशा शहराजवळच्या एका थडग्यात या ग्रंथाच्या रेशमावर लिहिलेल्या दोन प्रती मिळाल्या. थडगं इ.स.पू. १६८ मध्ये बंद झालेलं. दोन्ही प्रतींत ‘ते’चा (अंगभूत गुण) भाग (३८ ते ८१) आधी आहे आणि ‘ताओ’चा (१ ते ३७) नंतर. बाजारातली बाकीची बहुतेक भाषांतरं वांग बी (इ.स. २२६–२४९) याच्या टीकेबरोबर आलेल्या पाठावर आहेत. हा गृहस्थ तेविशीत वारला, आणि त्याची टीका आजही बाजूला ठेवता येत नाही.

पहिल्या ओळीत ‘नित्य ताओ’साठी प्रचलित पाठात ‘छांग’ आहे, मावांगद्वेत ‘हंग’. कारण तत्त्वज्ञानाचं नाही. हान घराण्यातला सम्राट वन याचं नाव ल्यू हंग, आणि राज्यकर्त्याचं नाव कागदोपत्री येऊ द्यायचं नाही असा दंडक होता. (नवऱ्याचं नाव न घेण्याची आपल्याकडची रीत आठवा.) म्हणून नंतरच्या नकलाकारांनी शब्द बदलला. याच दंडकावरून प्रतींचं वयही काढता येतं. मावांगद्वेच्या एका प्रतीत ‘राज्य’ या अर्थी ‘बांग’ हे अक्षर आहे, दुसरीत ते गाळून ‘क्वो’ घातलंय. हान घराण्याचा संस्थापक ल्यू बांग. म्हणजे पहिली नक्कल त्याच्या नावाचा दंडक लागू होण्याआधीची.

आता दुसरा प्रश्न. जुन्या चिनीत विरामचिन्हं नाहीत, काळ-वचन नाही, कर्ता बऱ्याचदा गाळलेला. पहिल्याच प्रकरणात ‘वू यू’ या दोन अक्षरांमध्ये थांबलात तर ‘अभाव नित्य असतो, तो पाहू इच्छितो’ अशा अंगाने वाक्य जातं. त्यांच्यानंतर थांबलात तर ‘नेहमी निरिच्छ राहून पाहा’. सोंग काळात (दहावं ते तेरावं शतक) वांग आन्-शृ सारख्या वाचकांनी पहिलं वाचन उचलून धरलं. मावांगद्वेच्या प्रतीत मात्र ‘वू यू’ नंतर ‘ये’ हा वाक्यखंड संपवणारा निपात स्पष्ट आहे, त्यामुळे निदान या ओळीपुरता कौल ‘निरिच्छ’च्या बाजूने जातो. सांगायचं एवढंच की भाषांतरकार मनाचं घालत असतीलच असं नाही. आधी तो कोणता पाठ वापरतोय ते प्रस्तावनेत बघा. प्रस्तावनेत तेही सांगितलं नसेल, आणि त्याला चिनी येत नसून दहा भाषांतरांवरून त्याने अकरावं केलेलं असेल (अशी पुस्तकं पुष्कळ खपतात), तर ते कविता म्हणून वाचा. वादात पुरावा म्हणून काढू नका.

पहिला प्रश्न मुद्दाम शेवटी घेतो. इतिहासकार सृमा छ्येनने इ.स.पू. १०० च्या आसपास लाओत्सेचं चरित्र लिहिलं, तेव्हाच त्याला खात्री नव्हती. तो तीन वेगवेगळे उमेदवार देतो. कन्फ्यूशियसच्या तारखा (इ.स.पू. ५५१–४७९) परंपरेने पक्क्या आहेत, पण ‘लुन्-यू’ हा त्याच्या वचनांचा संग्रह त्याने लिहिलेला नाही. शिष्यांनी आणि पुढच्या पिढ्यांनी तो थराथराने रचला. म्हणून ‘कोणता माणूस आधी’ याला उत्तर नाही. ‘कोणता ग्रंथ कोणाला उत्तर देतो’ याला मात्र आहे: ‘ताओ ते चिंग’चं ३८वं प्रकरण ‘रेन’ (दुसऱ्याविषयीची आस्था), ‘यी’ (उचित वागणं), ‘ली’ (रीतभात) हे कन्फ्यूशियसच्या परंपरेतले शब्द एकेक पायरी खाली उतरवत नेतं. हे शब्द ज्या वाचकांच्या तोंडी रुळलेत त्यांच्यासाठीच ते लिहिलेलं आहे.

शाईची_दौत:

वरच्या प्रतिसादाला १९९३ च्या क्वोत्येनच्या शोधाची जोड द्यायला हवी. हूपेई प्रांतात चिंगमनजवळच्या थडग्यात बांबूच्या पट्ट्या मिळाल्या, काळ साधारण इ.स.पू. ३००. त्यात ‘लाओत्से’चा (म्हणजे ‘ताओ ते चिंग’चाच) सुमारे दोन हजार अक्षरांचा मजकूर तीन जुडग्यांत आहे, म्हणजे आजच्या ग्रंथाचा दोन-पंचमांश.

खरी गंमत १९व्या प्रकरणात आहे. प्रचलित पाठ म्हणतो, ‘रेन तोडा, यी टाका’, म्हणजे कन्फ्यूशियसच्या पंथावर उघड वार. क्वोत्येनच्या पट्टीवर त्या जागी ‘रेन’ही नाही आणि ‘यी’ही नाही. तिथे कृत्रिम खटाटोपाच्या अर्थाचा शब्द आहे. १८व्या प्रकरणातही ‘महान ताओ लोपला, आन् रेन-यी उरली’ अशी रचना आहे, आणि ‘आन्’चा अर्थ ‘तेव्हा’ही होतो, ‘कुठली’ही होतो. ‘तेव्हा रेन-यी आली’ म्हटलं तर टीका. ‘कुठली रेन-यी उरणार’ म्हटलं तर उलट कौतुक. दोन पंथांचं हाडवैर होतं ही समजूत बऱ्याच अंशी नंतरच्या संपादनातून आलेली दिसते.

आता क्रम. पहिली चूक बहुतेकांची हीच: ‘लुन्-यू’ पहिल्या पानापासून विसाव्या प्रकरणापर्यंत सलग वाचायचं. चाळीस पानांत कंटाळा येतो, कारण तो ग्रंथ सलग नाहीच. सुरुवात १२व्या प्रकरणाने करा. पहिल्या तीन कंडिकांत तीन शिष्य तोच प्रश्न विचारतात, ‘रेन म्हणजे काय?’ यान युआनला उत्तर मिळतं: स्वतःला आवरून ‘ली’कडे वळणं. चुंग-कुंगला: जे तुला नको ते दुसऱ्यावर लादू नकोस. सृमा न्यूला: रेनवान माणूस बोलताना अडखळतो. व्याख्या शोधणारा इथे वैतागतो. लगेच मागे ११वं प्रकरण काढा. ‘ऐकलं की लगेच कृती करावी का?’ याला गुरुजी एका शिष्याला ‘घरात वडील-थोरले भाऊ आहेत ना, मग?’ म्हणतात आणि दुसऱ्याला ‘हो, कर’. तिसरा गोंधळून विचारतो तेव्हा खुलासा येतो: एक मागे हटणारा, त्याला पुढे ढकललं, दुसरा दोघांचा उत्साह घेऊन धावणारा, त्याला आवरलं. हे कळलं की बाकीचा ग्रंथ कुठूनही उघडा.

मग मोत्से, कन्फ्यूशियसच्या परंपरेचा विरोधक. लोक त्याला वगळतात, आणि तिथेच पुढच्या सगळ्या वादाचा धागा तुटतो. आपला-परका न करता सगळ्यांची सारखी काळजी, खर्चिक अंत्यविधींना विरोध, संगीताला विरोध, आक्रमक युद्धाला विरोध. आणि प्रत्येक धोरणाला कसोटी एकच, लोकांचा फायदा होतो का? त्याच्या ग्रंथाच्या ७१ प्रकरणांपैकी ५३ उरली आहेत. प्रमुख सिद्धान्त तीन-तीन आवृत्त्यांत येतात, तेव्हा प्रत्येकाची एकच वाचली तरी चालेल. शेवटची प्रकरणं तटबंदी आणि वेढा परतवण्यावर आहेत. युद्धविरोधक असून हा माणूस संरक्षणशास्त्राचा तज्ज्ञ होता.

त्यानंतर कन्फ्यूशियसच्या परंपरेतला मेंग्त्से म्हणजे मेन्शियस. सहाव्या ग्रंथाचा पहिला भाग (काओत्सेबरोबरचा मानवी स्वभावावरचा वाद) आणि दुसऱ्यातला विहिरीत पडू पाहणाऱ्या मुलाचा दाखला पुरेसा. मुलाला पाहून काळीज चरकतं, ते त्याच्या आईबापांशी ओळख वाढावी म्हणून नव्हे, नावासाठी नव्हे, रडणं कानाला नको वाटतं म्हणूनही नव्हे. इथे तो चांगुलपणा सिद्ध करत नाही, फक्त त्याचा ‘अंकुर’ दाखवतो. माणूस चांगलाच असतो असं तो म्हणतो म्हणणाऱ्यांनी हा शब्द परत वाचावा.

मग च्वांग्त्से, लाओत्सेच्या जोडीने ‘ताओवादी’ गणला जाणारा. त्याची ‘आतली’ म्हणून ओळखली जाणारी पहिली ७ प्रकरणंच आधी घ्या. आजची ३३ प्रकरणं क्वो श्यांगने (मृत्यू ३१२) ५२ मधून छाटून आणली. शेवटचं ३३वं मात्र नक्की वाचा, तो तत्कालीन विचारवंतांचा जुना आढावा आहे. मग शुन्त्से १७, १९, २३, आणि शेवटी हान फेई ४९ आणि ५०.

तिरकस_टीप:

क्रम उत्तम आहे, पण एक पाटी दारावर लावायला हवी: ‘पंथ’ ही नंतरची वर्गवारी आहे. सृमा तान (मृत्यू इ.स.पू. ११०) याने सहा गट पाडले आणि मुलाने, म्हणजे सृमा छ्येनने, ते इतिहासग्रंथात घातले. ‘ताओवादी’ आणि ‘कायदावादी’ (कडक कायद्याने राज्य चालवावं म्हणणारे) ही नावं तिथून आपल्यापर्यंत आली. हान फेईला कोणी ‘तू कायदावादी का?’ विचारलं असतं तर प्रश्नच कळला नसता. तो शुन्त्सेचा, म्हणजे कन्फ्यूशियसच्या परंपरेतल्या माणसाचा शिष्य, आणि लाओत्सेवरचं सर्वात जुनं उपलब्ध भाष्य त्याच्याच ग्रंथात (प्रकरणं २० आणि २१) आहे. एक माणूस, तीन खाती.

सहा आकडा ऐकून मराठी वाचकाला लगेच षड्दर्शनं आठवतात. तो मोह टाळा. इथे सूत्र-भाष्य-वार्तिक अशी प्रत्येक दर्शनाची स्वतंत्र उतरंड नाही. मोत्सेच्या अनुयायांची संघटना होती, तशी ‘ताओवाद्यां’ची त्या काळात दिसत नाही.

शुन्त्सेबद्दलही एक. २३व्या प्रकरणाचं नाव ‘स्वभाव वाईट’ असलं तरी भर दुसऱ्या शब्दावर आहे: ‘वेई’, जाणीवपूर्वक घडवणूक. ‘माणूस’ आणि ‘करणे’ ही दोन अक्षरं जोडून हे अक्षर होतं. रोजच्या भाषेत त्याचा अर्थ ‘खोटं, बनावट’. शुन्त्सेने तोच शिवीसारखा शब्द उचलून त्याला मान दिला.

कुतूहल७:

सगळ्यांचे आभार, धागा साठवून ठेवला. एक उपप्रश्न: रेन, ली, ताओ यांना मराठीत काय म्हणावं? मी ताओला ‘ब्रह्म’ लिहीत होतो. आणि तिसऱ्या प्रश्नाचा उत्तरार्ध अजून बाकी आहे.

पोथीनिष्ठ:

‘ब्रह्म’ नको. हा प्रश्न इ.स. ६४७ मध्येच निघालाय. कामरूपच्या (आजचा आसाम) राजासाठी लाओत्सेचा ग्रंथ संस्कृतात न्यायची आज्ञा थांग दरबाराने ह्युएनत्सांगला दिली. हाच तो पुलकेशीच्या महाराष्ट्राचं वर्णन लिहून ठेवणारा. दरबारातल्या ताओपंथीयांना ‘ताओ’साठी ‘बोधी’ हवं होतं. ह्युएनत्सांग अडून बसला: बोधी म्हणजे जाग, ताओ म्हणजे वाट, तेव्हा शब्द ‘मार्ग’च. दुसऱ्या धर्माच्या पारिभाषिक शब्दांत आपला ग्रंथ बुडू द्यायचा नाही ही सावधगिरी आपणही ठेवावी. मी ‘ताओ’ तसाच ठेवतो, अगदीच अडलं तर ‘वाट’.

‘रेन’ला ‘माणुसकी’ हा सुंदर शब्द आपल्याकडे तयार आहे. अक्षरातही ‘माणूस’ आणि ‘दोन’ आहेत. ‘दया’ लिहिलंत की वरून खाली पाहणं येतं. ‘त्येन’ला (आकाश) ‘स्वर्ग’ म्हणू नका, तिथे अप्सरा येतात.

‘ली’मध्ये खड्डा आहे. कन्फ्यूशियसचं ‘ली’ म्हणजे रीत, विधी, अदब. बाराव्या शतकातला भाष्यकार झु शी याचं ‘ली’ म्हणजे वस्तूची अंगभूत रचना, मूळ अर्थ जेड दगडातल्या रेषा. अक्षरं वेगळी, उच्चार तोच, सूरही तोच (तिसरा). त्यामुळे सूरचिन्ह दिलेलं रोमन लेखनही वाचवत नाही. अक्षर बघायचं किंवा शतक बघायचं.

शाईची_दौत:

मधली वर्षं थोडक्यात. हान काळात दरबाराने कन्फ्यूशियसची परंपरा राजमान्य केली (इ.स.पू. १३६ मध्ये पाच अभिजात ग्रंथांसाठी अध्यासनं). पुढे बौद्ध आले. ४०१ मध्ये बौद्ध भाषांतरकार कुमारजीव छांगआनला पोचला आणि भाषांतराची भाषाच बदलली. त्यातून त्येनथाय, ह्वायेन, छान (जपानीत झेन) हे बौद्ध पंथ उभे राहिले. या बौद्ध तत्त्वमीमांसेला उत्तर देताना सोंग काळात जे घडलं ते दोन हजार वर्षांच्या मधोमध बसलंय, आणि लेख नेमके तेच गाळतात.

झु शी (११३०–१२००) याने ‘लि ची’ या विधिग्रंथातली दोन प्रकरणं, ‘ता श्वे’ आणि ‘चुंग युंग’, सुटी काढून ‘लुन्-यू’ आणि ‘मेंग्त्से’बरोबर ‘चार ग्रंथ’ केले. तुमचा क्रमाचा प्रश्न त्यालाही होता. त्याचं उत्तर: आधी ता श्वे, मग लुन्-यू, मग मेंग्त्से, चुंग युंग शेवटी. त्याची भाष्यं १३१३ च्या फर्मानाने सरकारी परीक्षेचा आधार झाली आणि १९०५ मध्ये परीक्षा बंद होईपर्यंत राहिली. म्हणून जुन्या भाषांतरांत कन्फ्यूशियसच्या तोंडून पुष्कळदा झु शी बोलतो. तळटीपेत ‘स्वर्गीय तत्त्व’ दिसलं की ते झु शीचं समजावं.

‘ता श्वे’तल्या ‘को वू’ (वस्तूंचा शोध) या दोन अक्षरांवर पुढची तीनशे वर्षं भांडण झालं. वांग यांगमिंग (१४७२–१५२९) तरुणपणी बांबूंसमोर त्यांचं ‘ली’ शोधत सात दिवस बसला आणि आजारी पडला. त्याचा मित्र तर तिसऱ्याच दिवशी उठला. ही गोष्ट झु शीविरुद्ध नेहमी सांगतात, पण माझ्या मते ती त्याच्यावर अन्याय करते. झु शीचा शोध मुख्यतः ग्रंथ, इतिहास आणि रोजचे व्यवहार यांतून चालायचा, बांबूकडे टक लावून नव्हे. १५०८ मध्ये क्वेचौच्या लुंगछांगला हद्दपारीत असताना वांगने दिशा उलटी केली: ‘ली’ मनाबाहेर शोधायचं नाही, आणि जाणणं व करणं एकच. आईवडिलांशी तसं वागत नाही त्याला पितृभक्ती ‘माहीत आहे’ असं म्हणताच येत नाही.

तिरकस_टीप:

शोधताना एक अडचण येईल, म्हणून. ग्रंथालयांच्या जुन्या याद्या वेड-जाइल्स रोमन पद्धतीत आहेत, नव्या पिनयिनमध्ये (ही पद्धत १९५८ ची). शुन्त्से जुन्या यादीत ‘एच-एस’खाली, नव्यात ‘एक्स’खाली. च्वांग्त्से आणि झु शी जुन्यात ‘सी-एच’खाली, नव्यात ‘झेड-एच’खाली. वेड-जाइल्समध्ये ‘छ’ दाखवायला ‘सी-एच’नंतर एक वरचा स्वल्पविराम असतो. छापणारे तो सर्रास गाळतात, मग ‘च’ आणि ‘छ’ची नावं एकाच ढिगात पडतात. म्हणून पुस्तकातला उतारा नावाने न शोधता प्रकरणाच्या क्रमांकाने शोधा. फक्त ‘लुन्-यू’च्या ११व्या प्रकरणात कंडिकांचे क्रमांक आवृत्तीगणिक एक-दोनने सरकतात. वरचा ‘लगेच कृती करावी का’चा संवाद काही ठिकाणी २० वा आहे, काही ठिकाणी २२ वा.