'आयडेम्पोटंट'ला मराठीत काय म्हणावं?

क्लाउडवर नेटवर्क उभारणाऱ्या आमच्या स्क्रिप्टची माहिती मराठीत लिहितेय आणि 'आयडेम्पोटंट' (कितीही वेळा केलं तरी परिणाम एकदा केल्यासारखाच) या शब्दापाशी अडलेय. आधी 'पुनरावृत्तिक्षम' लिहिलं होतं, ते खोडलं. पुन्हा चालवता कुठलीही स्क्रिप्ट येते. दुसऱ्यांदा चालवल्यावर काय होतं, ते शब्दात यायला हवं.

आमच्याकडे घडलेलं सांगते. १०.०.०.०/१६ या पत्त्यांच्या पट्ट्याचं व्हीपीसी (क्लाउडवरचं आपलं खासगी नेटवर्क) तयार झालं, पण उत्तर पोचायच्या आत कनेक्शन तुटलं. काम फसलं असं समजून स्क्रिप्टने तीच विनंती परत पाठवली. एकाच पट्ट्याची दोन व्हीपीसी असायला क्लाउडची हरकत नव्हती, त्यामुळे एररही आली नाही. तेच ६५,५३६ पत्ते, तेच नाव, नेटवर्कं मात्र दोन! पुढची पायरी व्हीपीसी नावाने शोधायची. सबनेट (नेटवर्कचे छोटे भाग) एकात गेले, राउट टेबल (कुठला डेटा कुठे पाठवायचा याचा तक्ता) दुसऱ्यात. कारण सापडायला अख्खा दिवस गेला.

— शब्द मूळचा बीजगणितातला. बेंजामिन पर्स या अमेरिकन गणितज्ञाने १८७० साली घडवला. लॅटिनमध्ये 'इडेम' म्हणजे तेच, 'पोटेन्शिया' म्हणजे शक्ती, इथे घात. घात चढवला तरी मूल्य तेच राहतं, जसं ० आणि १ यांचं. हिंदीत गणितापुरता 'वर्गसम' आहे. नेमका आहे, पण स्क्रिप्टला लावला तर वाचणाऱ्याला काहीच कळणार नाही. मी 'पुनरावृत्तिसह' सुचवेन. 'अग्निसह' म्हणजे आग सोसणारं, तसं पुनरावृत्ती सोसणारं.

— अर्थ चोख, पण धोका वेलांटीत आहे. 'त्ति' ऱ्हस्व असेल तर पुनरावृत्ती सोसणारं. कुणी 'त्ती' दीर्घ लिहिली की 'पुनरावृत्तीसकट'. एका वेलांटीने अर्थ फिरतो, असा शब्द तांत्रिक मजकुरात नको. विशेषणाचा हट्ट सोडून क्रियापद का घेऊ नये? 'दोनदा चालवली तरी बाधत नाही' हे कुणालाही कळतं. 'गिरवणे'ही आठवलं. अक्षर कितीदा गिरवलं तरी अक्षर तेच राहतं. चंदन उगाळलं की मात्र दर वेळी झिजतं. तुमची जुनी स्क्रिप्ट गिरवत नव्हती, दर वेळी नवं अक्षर काढत होती.

— 'गिरवणे' फार आवडलं. पण गिरवणारा खालचं अक्षर बघतो, तसं स्क्रिप्टनेही आधी काय आहे ते बघायला हवं, आणि आमचं घोडं तिथेच अडलं होतं. आता विनंतीसोबत एक टोकन, म्हणजे त्या विनंतीची ओळखखूण, जातं. तेच टोकन परत आलं की क्लाउड नवं व्हीपीसी न काढता आधीचंच उत्तर देतो.

एक भर घालते: 'बाधत नाही' हे एकामागून एक चालवण्यापुरतंच खरं. दोघांनी एकाच वेळी चालवली तर दोघांनाही 'व्हीपीसी नाही' असंच दिसू शकतं. त्यासाठी लॉक, म्हणजे एका वेळी एकालाच चालवू देणारं कुलूप, वेगळा लागतो. आणि 'सेफ'लाही 'सुरक्षित' लिहिलं नाही. त्याने मन पासवर्ड-परवानग्यांकडे जातं. 'निर्धोक' लिहिलंय.

सध्याचं वाक्य: 'ही स्क्रिप्ट आयडेम्पोटंट आहे, म्हणजे कितीदाही चालवली तरी नेटवर्क एकच राहतं, मात्र लॉक मिळाल्याशिवाय चालवणं निर्धोक नाही.' मूळ शब्द ठेवलाय, कारण एररमध्ये आणि टूलच्या माहितीत तोच भेटतो. 'कितीदाही' बरोबर आहे ना, की 'कितीही वेळा' करू?

— 'कितीही वेळा' करा.