सीन यायच्या आधीच रडू येतं त्याचं काय करायचं

मावशी: काल रात्री श्वास परत पाहिला. नको नको म्हणत बसले आणि शेवटपर्यंत उठले नाही. सकाळी आरशात बघवेना, डोळे असे सुजलेत की वाटावं घरात रात्रभर भांडण झालंय

मामा: २००४ पासून तू त्या सिनेमाला रडतेयस. यावेळी शेवट बदलला असेल असं वाटलं का

मावशी: अरे दादा शेवटाला रडलेच नाही, तेच तर सांगायचंय. ऑपरेशनच्या आधी आजोबा नातवाला हॉस्पिटलमधून न सांगता बाहेर घेऊन जातात ना, पुन्हा त्याला काही दिसणार नाही म्हणून आज डोळे भरून बघून घेऊ दे, तो भाग. पोरगं मजेत आहे, हे बघ ते बघ चाललंय, आणि मी इकडे हुंदके देतेय. पडद्यावर त्या क्षणी वाईट असं काहीच घडत नाहीये

मी: मावशी सेम!! पहिल्यांदा बघताना सगळे रडतात तिथे मी रडते, दुसऱ्यांदा त्याच्या पाच मिनिटं आधी, आणि तिसऱ्यांदा तर माणसं नुसती हसतखेळत असतात तेव्हाच सुरू. सैराटला थेटरमध्ये माझ्या डोळ्यात पाणीसुद्धा नव्हतं, सुन्न झाले होते नुसती. नंतर घरी परत पाहिला तर आर्चीच्या माहेरची माणसं भेटवस्तू घेऊन दारात येतात आणि ती बिचारी त्यांना आत बोलावून चहा ठेवायला जाते, तिथेच फुटले. तिला माहीत नाही आणि आपल्याला माहीत आहे, आणि ओरडून सांगता येत नाही, हे सहनच होत नाही मला

मामा: म्युझिकची कमाल आहे सगळी. मागे व्हायोलिन सोडलं की तुम्ही लोक रुमाल काढता. म्यूट करून बघा, एक थेंब आला तर मला सांगा

छोटी: बाबा सैराटच्या शेवटाला म्युझिकच नाहीये. सगळा आवाज काढून घेतलाय. ते बाळ चालत येतं आणि फरशीवर पावलं उमटत जातात, बस्स. तिथे कोण व्हायोलिन वाजवतंय?

मामा: बरं, एक मार्क तुला

वहिनी: मला एक सांगा, थेटरमध्ये आवाज न करता रडायचं कसं? डोळे पुसता येतात अंधारात, नाकाचं काय करायचं. मागच्या वेळी पुढच्या रांगेतली बाई वळून बघत होती

छोटी: वहिनी त्याला इलाज नाही. पापणीच्या आतल्या कोपऱ्याला टाचणीने टोचल्यासारखं बारीक छिद्र असतं, वर एक खाली एक. डोळ्यातलं पाणी तिथून नळीने थेट नाकात उतरतं. पाणी जास्त झालं की थोडं गालावर, बाकीचं नाकात. म्हणजे जे शिंकरतो ते बरंचसं अश्रूच असतात

वहिनी: ईई. पण बरं झालं कळलं, आता सर्दी झालीय म्हणणाऱ्यांना पकडता येईल

मामा: छोटे तुमच्या सायकॉलॉजीत रडण्यावर पण चॅप्टर आहे म्हणजे. फी वसूल

छोटी: हसा. १९९५ साली ग्रॉस आणि लेव्हन्सन नावाच्या दोन संशोधकांनी शेकडो विद्यार्थ्यांना वेगवेगळ्या सिनेमांचे तुकडे दाखवून कुठल्या तुकड्याने कुठली भावना जागी होते ते मोजलं होतं. दुःखासाठी द चॅम्प मधला सीन एकदम पुढे. १९७९ चा सिनेमा, मुष्टियोद्धा बाप मॅच संपल्यावर मरतो आणि त्याचा छोटा मुलगा त्याला उठवत राहतो. जेमतेम तीन मिनिटांचा तुकडा आहे, पण नंतर कितीतरी प्रयोगांमध्ये माणसाला उदास करायचं असेल तर तोच लावायला लागले. आम्हाला वर्गात दाखवला तेव्हा मला वाटलं संदर्भ माहीत नाही, काय होणार आहे, आणि तो पोरगा एकदा या माणसाकडे एकदा त्या माणसाकडे बघतो ना, कुणीतरी सांगा की हे खरं नाही असं.. मी बाकाखाली पेन शोधायला वाकले ती दोन मिनिटं वर आलेच नाही

मावशी: अगंबाई. लिंक टाकू नकोस

आई: सिनेमाचं एक वेळ समजतं, माणसं दिसतात, गोष्ट असते. गाण्याचं काय? मला तर शब्द न कळणाऱ्या गाण्यानेसुद्धा भरून येतं. परवा कुठल्या तरी भलत्याच भाषेतलं लागलं होतं, भाजी निवडता निवडता डोळे वाहायला लागले, यांना वाटलं मला काही झालं

छोटी: आत्या त्यावर पण आहे. १९९१ मध्ये स्लोबोडा म्हणून एकाने लोकांना विचारलं होतं की तुम्हाला गाण्याच्या नेमक्या कुठल्या जागी रडू येतं, नुसतं गाण्याचं नाव नको, जागा सांगा. बऱ्याच जागांमध्ये एक गोष्ट सारखी निघाली, की चाल जिथे टेकायला हवी तिथे लगेच टेकत नाही, शेजारच्या सुरावर क्षणभर अडते आणि मग खाली येते

मामा: हां. हे मान्य

मी: मामा मान्य म्हणाला, स्क्रीनशॉट घ्या

मामा: अगं हे मी रोज करतो. पेटीवर बसलो की नी ताणून धरायचा, समोरच्याला वाटतं आता सा येणार, आता येणार, आणि आपण द्यायचाच नाही. माणसं पुढे झुकतात, खरंच, बघ कधीतरी, मानेने झुकतात. मग हळूच सा लावला की कुणीतरी हमखास चष्मा काढतं. आमचे गुरुजी म्हणायचे सा सगळ्यांनाच लावता येतो, थांबता आलं पाहिजे

आई: म्हणजे तू इतकी वर्षं जाणूनबुजून लोकांना रडवतोयस आणि वर सिनेमाच्या व्हायोलिनला नावं ठेवतोस

मामा: ताई तो वेगळा विषय आहे

मावशी: काही वेगळा नाही!!

बाबा: मला कुणी मेलं तर काही होत नाही. सिनेमात म्हणतोय

आई: यांचं बघा, लग्नाला पस्तीस वर्षं झाली, एकदा डोळे ओले पाहिले नाहीत

बाबा: पूर्ण लिहू तर दे. मरणाचा सीन आला की मी आधीच सावध असतो, आता रडवणार हे कळतं, मग तयारी होते. पण कुणी कुणाशी अचानक चांगलं वागलं की माझी तयारी नसते. ते फुग्यांच्या घराचं कार्टून नातीबरोबर पाहिलं ना, सुरुवातीला नवराबायकोचं अख्खं आयुष्य बिनसंवादाचं दाखवलंय, सगळे त्याला रडतात, मी नाही रडलो. पुढे म्हातारा तिची वही उघडतो, त्याला वाटत असतं पुढची पानं कोरी असणार कारण ठरवलेली सफर राहूनच गेली, आणि पानं कोरी नसतात, त्या दोघांच्या रोजच्या जगण्याचे फोटो लावलेले असतात. तिथे मी नातीला पाणी आणतो सांगून उठलो. ती म्हणाली आजोबा माझ्याकडे आहे पाणी

वहिनी: बाबा!!! त्या दिवशी तुम्ही गॅलरीत इतका वेळ काय करत होतात ते आत्ता कळलं

मामा: दाजी तुम्ही पण? माझा शेवटचा आधार गेला

मी: पुस्तकाला कुणीच रडत नाही का? मला पुस्तकाचं जास्त भयंकर वाटतं. सिनेमा पुढे सरकतो, रडलो तरी तो थांबत नाही. पुस्तकात पान आपल्याच हाताने उलटावं लागतं. पुढे काय आहे ते माहीत असतं आणि तरी उलटतो. सध्या आजीला रोज रात्री फोनवर श्यामची आई वाचून दाखवतेय, १९३३ साली साने गुरुजींनी तुरुंगात पाच दिवसांत लिहिलेलं पुस्तक, मी शाळेत वाचलं होतं, तेव्हा बाईंनी निबंध लिहायला लावला म्हणून रागच होता. काल थोर अश्रू आलं. ओल्या पायांना माती लागू नये म्हणून तो हट्ट करतो आणि आई आपलं लुगडं धोंड्यावर पसरते. ते वाक्य यायला अजून बऱ्याच ओळी होत्या, पायांना जपतोस तसं मनाला जप हे, आणि माझा आवाज लुगड्यालाच गेला. म्हटलं आजी जरा सर्दी झालीय

आई: थांब, आजी शेजारीच बसलीय, सगळं वाचून दाखवलंय तिला. ती सांगतेय तसं टाइप करते

आई: आजी म्हणतेय, मला तर धडा सुरू व्हायच्या आधीच भरून येतं, नाव वाचलंस की झालं. पण आता डोळ्याला पाणी येत नाही. डोळे कोरडे झालेत, डॉक्टरांनी थेंब दिलेत दिवसातून चार वेळा घालायला. गळा दाटतो, छाती भरते, नाक लाल होतं, सगळं होतं, पाणी तेवढं येत नाही. मग बरं वाटत नाही नीट. अर्धवट राहिल्यासारखं वाटतं

मावशी: आई गं

मामा: आईला विचार कुठल्या गाण्याला तिला भरून येतं, मी पेटी घेऊन येतो रविवारी

आई: म्हणतेय तू येच, पण थांबून थांबून वाजवू नकोस, तिला एवढा वेळ बसवत नाही

आई: आणि तुला सांगतेय, आज रात्री पुढचं वाच. थेंब घालून तयार बसते म्हणाली. आणि सर्दी झालीय असं परत सांगू नकोस, मला फोनवर कळतं