शांत वाटलं म्हणजे पाचारण?
चार दिवस बेनेडिक्टाइन मठात (संत बेनेडिक्टच्या नियमांनी चालणाऱ्या ख्रिस्ती मठात) राहून फार शांत वाटलं, हेच पाचारण, म्हणजे मठवासी होण्यासाठी देवाची हाक का, असं तुम्ही विचारलंय. शांतता पाहुण्यांनाही मिळते हो! संत बेनेडिक्टच्या नियमावलीचं ५८वं प्रकरण वाचा. नव्याने येणाऱ्याला सहज आत घेऊ नका, असंच तिथे बजावलंय. नियमावली २ महिन्यांनी, मग ६, मग आणखी ४ महिन्यांनी वाचून दाखवायची, आणि तोवर परत जायला मोकळीक.

मला सगळ्यात अवघड वाटतं ते स्थैर्याचं व्रत. त्याच एका मठाशी, तिथल्या त्याच व्रतस्थ भगिनींशी आयुष्यभर बांधून घ्यायचं. त्यामुळे पुढच्या खेपेला जास्त दिवस राहा, कामाला हात लावा. स्तोत्रं कंटाळवाणी वाटतील, शेजारची भगिनी डोक्यात जाईल, त्या दिवशी मन काय म्हणतं ते बघा. घाई नाहीच: चर्चच्या सर्वसाधारण नियमानुसारही नवदीक्षेचं (मठजीवनाच्या प्रशिक्षणाचं) किमान १ वर्ष, मग किमान ३ वर्षं तात्पुरती व्रतं, आजीवन व्रतं त्यानंतर.